कानाला वारंवार दडा बसत असेल तर: मळ काढण्याआधी तो परत का साचतो ते पाहा

तीन वर्षांत माझ्या उजव्या कानाला सात वेळा दडा बसला. क्रम दर वेळी तोच असे. सकाळी अंघोळ करून बाहेर यावे, डोके पुसावे आणि लक्षात यावे की उजवीकडचे सगळे आवाज कोणीतरी गोधडीखाली झाकून ठेवले आहेत. मग दोन दिवस डोके झटकणे, मुद्दाम जांभया देणे, करंगळी घालून कान हलवणे. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जायचे, मळ निघाला की पंख्याची घरघरसुद्धा मोठी वाटावी इतका कान मोकळा व्हायचा, आणि चार-पाच महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत यंत्रांची देखभाल करणे हे माझे काम आहे. तिथे एखादे बेअरिंग वर्षात तीनदा गेले, तर चौथे आणून बसवण्याआधी ते का जाते हे शोधावे लागते. स्वतःच्या कानाच्या बाबतीत हा साधा नियम मला सातव्या खेपेनंतर सुचला. त्यानंतर ज्या गोष्टी बदलल्या, त्यांना आता चौदा महिने होत आले आहेत आणि या काळात कान एकदाही बंद झालेला नाही. ज्यांना हाच त्रास पुन्हा पुन्हा होतो त्यांच्यासाठी ते सारे सविस्तर लिहीत आहे. यातली वैद्यकीय माहिती मला तपासणाऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉक्टरबाईंकडून मिळाली आणि नंतर मी ती वाचून ताडून घेतली आहे.

आधी खात्री करावी की हा मळच आहे

कान बंद वाटला की मळ साचला असे आपण गृहीत धरतो आणि इथेच बहुतेकांची पहिली चूक होते. नाशिकहून मुंबईला निघालेल्या प्रत्येकाला कसारा घाट उतरताना कानांना दडा बसल्याचा अनुभव असतो. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, घाटात गाडी भराभर खाली उतरते, बाहेरच्या हवेचा दाब वाढतो आणि कानाच्या पडद्याच्या आतल्या बाजूची हवा त्या दाबाशी लगेच जुळत नाही. आवंढा गिळला किंवा जांभई दिली की घशाकडून मधल्या कानाकडे जाणारी बारीक नळी उघडते आणि कान सुटतो. सर्दीपडशात हीच नळी सुजते, त्यामुळे दोन-चार दिवस कान जड राहतो आणि गिळताना आत टक् असा आवाज येतो. या दोन्ही प्रकारांशी मळाचा काहीही संबंध नाही आणि त्यासाठी कानात थेंब घालून उपयोग होत नाही, कारण अडचण पडद्याच्या पलीकडे असते.

मळाचा दडा बहुधा एकाच कानाला बसतो आणि बऱ्याचदा अंघोळीनंतर किंवा पोहून आल्यावर अचानक बसतो. मळ त्या दिवशी तयार झालेला नसतो. तो आधीपासूनच कानाच्या बाहेरच्या नळीत असतो आणि कडेने थोडी फट शिल्लक असते तोवर ऐकू येत राहते. पाणी शोषून तो फुगला की उरलेली फट बुजते. मळ असताना कान जड वाटतो, आपलाच आवाज आपल्याला डोक्यात घुमल्यासारखा ऐकू येतो, कधी गुणगुण लागते, कधी थोडी खाज सुटते. क्वचित कोरडा खोकलाही येतो, कारण कानाच्या नळीला संवेदना पुरवणारी एक शाखा व्हेगस नावाच्या मज्जातंतूची असते आणि खोकल्याचा संबंध त्याच मज्जातंतूशी आहे. तीव्र वेदना, ताप, पू किंवा रक्त ही मात्र साध्या मळाची लक्षणे नव्हेत.

कानाची पाळी ओढल्यावर किंवा नळीच्या तोंडापुढचा छोटा कूर्चेचा (मऊ, लवचीक हाडासारखा) उंचवटा दाबल्यावर कळ उठत असेल, तर नळीच्या त्वचेला जंतुसंसर्ग झालेला असण्याची शक्यता मोठी असते. पावसाळ्यात सतत खाज सुटते, ओलसर वाटते आणि करंगळीला पांढुरका किंवा काळसर ठिपक्यांचा, ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा पदार्थ लागतो, तेव्हा ती बुरशी असू शकते. बुरशीवर तेल घातले तर ती आणखी पसरते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये असे रुग्ण किती येतात हे कान तपासणारा कोणताही डॉक्टर सांगेल.

एक तपासणी प्रत्येकाला ठाऊक असावी असे मला मनापासून वाटते. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर तोंड मिटून सलग गुणगुणावे. मळ किंवा सर्दीमुळे कान बंद झालेला असेल, तर गुणगुणण्याचा आवाज त्या बंद कानात मोठा ऐकू येतो. निरोगी कानात बोट घालून गुणगुणले तरी हे लगेच पडताळता येते. पण आवाज बंद कानाऐवजी चांगल्या कानाकडे झुकत असेल, तर बिघाड आतल्या कानात किंवा श्रवणाच्या मज्जातंतूत असू शकतो. अशा वेळी दिवस मोजत बसू नये आणि मेडिकलमधून थेंब आणूनही बसू नये. त्याच दिवशी तज्ज्ञांकडे जावे. अचानक आलेल्या या बहिरेपणावर स्टेरॉइडचे उपचार असतात आणि ते जितक्या लवकर, निदान पहिल्या दोन आठवड्यांच्या आत, सुरू होतील तितका ऐकू परत येण्याचा संभव अधिक असतो. मळ असेल म्हणून आठवडाभर थांबलेल्या माणसाचे नुकसान नंतर भरून निघेलच असे नाही. गुणगुणण्याची ही चाचणी डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही, हेही लक्षात ठेवावे; दवाखान्यात हेच काम नादकाट्याने (ट्यूनिंग फोर्कने) आणि यंत्रावर नीट केले जाते.

मळ येतो कुठून आणि जातो कसा

प्रौढ माणसाच्या कानाची बाहेरची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते आणि ती सरळ नसून किंचित वळणदार असते. तिचा बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा आणि आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा असतो. केस आणि मळ तयार करणाऱ्या ग्रंथी फक्त बाहेरच्या कूर्चेच्या भागात असतात. या ग्रंथींचा स्राव, तेलकट द्रव्य आणि त्वचेच्या झडलेल्या पेशी मिळून मळ होतो. हाडाच्या भागातली त्वचा अगदी पातळ असते आणि तिथे मळ तयारच होत नाही. म्हणूनच पडद्याला टेकलेला मळ दिसला की तो आत ढकलला गेला आहे, असे डॉक्टर मानतात. ही एकच गोष्ट मला आधी कळली असती, तर माझे निम्मे फेरे वाचले असते.

मळाला आपण घाण समजतो, पण तो कानाचे संरक्षण करतो. तो किंचित आम्लधर्मी असतो, पाणी अडवतो, धूळ आणि किडे धरून ठेवतो आणि जंतूंना व बुरशीला वाढू देत नाही. त्याहून मोलाची गोष्ट अशी की कान स्वतःला साफ करतो. पडद्याच्या मध्यापासून सुरू होणारी त्वचा अत्यंत संथपणे, जवळजवळ नखे वाढतात त्या गतीने, बाहेरच्या दिशेने सरकत असते आणि आपल्यासोबत मळ दाराशी आणून सोडते. बोलताना आणि घास चावताना जबड्याची हालचाल होते, तिचाही याला हातभार लागतो. दाराशी आलेला मळ वाळून आपोआप गळतो किंवा टॉवेलने पुसला जातो.

मळ ओला-चिकट असणार की कोरडा-भुसभुशीत, हे जन्मतःच ठरते. एबीसीसी-११ नावाच्या एका जनुकातला फरक त्याला कारण असल्याचे जपानी संशोधकांनी २००६ साली दाखवून दिले. पूर्व आशियात कोरडा मळ सर्वाधिक आढळतो, आफ्रिका आणि युरोपात बहुतेकांचा ओला असतो, आणि आपल्याकडे दोन्ही प्रकारची माणसे एकाच घरातसुद्धा सापडतात. त्यामुळे भावाला जो उपाय लागू पडला तो बहिणीला लागू पडेलच असे नाही.

म्हणजे वारंवार दडा बसणाऱ्या कानात मळ जास्त तयार होतो असे क्वचितच असते. बहुतेक वेळा त्याची बाहेर पडण्याची वाट अडलेली असते. ती काय अडवते, हा खरा प्रश्न आहे.

माझ्या वहीत काय सापडले

चौथ्या खेपेला डॉक्टरबाईंनी मला स्क्रीनवर माझाच कान दाखवला. नळीच्या तोंडाशी मळ नव्हताच. पार आत, पडद्याच्या अलीकडे, काळपट तपकिरी रंगाचा एक गोळा ठाकून बसवल्यासारखा दिसत होता, त्याच्या समोरच्या बाजूला वाटीसारखा खळगा पडला होता आणि कडेला कापसाचे तंतू चिकटले होते. “तुम्ही आठवड्यातून किती वेळा बड घालता?” एवढेच त्यांनी विचारले. तो खळगा बडच्या, म्हणजे कापूस गुंडाळलेल्या काडीच्या, टोकाचा ठसा होता. बड बाहेर काढल्यावर कापसावर थोडा पिवळा मळ दिसतो आणि कान साफ झाल्याचे समाधान मिळते, पण जितका बाहेर येतो त्याहून कितीतरी अधिक आत सरकतो. तोफेत दारू ठासतात तसाच हा प्रकार आहे.

मी त्या दिवसापासून एक वही केली. कान बंद झाला की तारीख आणि त्याआधीच्या महिन्यात काय काय केले ते लिहायचे. पुढच्या तीन खेपांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा एका कारणाऐवजी तीन कारणे एकत्र येत असल्याचे दिसले. पहिले कारण बडचे. चौथ्या खेपेनंतर मी तो कमी केला होता, पण सोडला नव्हता. दुसरे कारण कारखान्यातले. प्रेस शॉपच्या आवाजात मी फोमचे इअरप्लग वापरतो, आणि ज्या महिन्यात तिथे जास्त पाळ्या लागल्या त्याच्या पुढच्याच महिन्यात दडा बसला होता. दिवसाला आठ तास नळीत बसणारा प्लग मळाला बाहेर येऊ देत नाही आणि प्रत्येक वेळी तो बसवताना थोडा मळ आत जातो. तिसरे कारण पाण्याचे. त्र्यंबक रस्त्यावरच्या सावरकर जलतरण तलावात मी उन्हाळ्यात पोहायला जातो आणि श्रावणात घरातल्या मंडळींसोबत गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, स्नानालाही जाणे होते. आत ठासलेला मळ असताना पाणी गेले की तो फुगतो. बड आणि प्लग नसते, तर पाण्याने काहीच झाले नसते.

मग डावा कान का बंद होत नाही, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता, कारण सवयी दोन्ही कानांना सारख्याच होत्या. त्याचे उत्तरही तपासणीत मिळाले. माझ्या उजव्या नळीचे वळण अधिक तीव्र आणि नळी थोडी अरुंद आहे. अशा नळीत केलेली चूक आधी उघड होते. कानात केस दाट असणे, वय वाढणे, त्वचेचा एक्झिमा, श्रवणयंत्र, दिवसभर कानात खुपसलेले मोबाइलचे इअरफोन, ही इतर कारणे आहेत. ज्यांना हा त्रास वारंवार होतो त्यांनी अशी वही निदान सहा महिने ठेवावी, असा माझा आग्रह आहे. आपले कारण आपल्याच नोंदींतून सापडते.

बडबद्दल आणखी थोडे सांगितलेच पाहिजे, कारण तो निरुपद्रवी वाटतो. अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात कापसाच्या काड्यांनी कानाला इजा होऊन रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आलेल्या अठरा वर्षांखालील मुलांची संख्या सुमारे २ लाख ६३ हजार होती, म्हणजे दिवसाला जवळपास ३४ मुले; आणि त्यांतल्या बहुतेकांना ही इजा कान साफ करतानाच झाली होती. बडच्या डब्यावर तो कानाच्या नळीत घालू नये अशी सूचना छापलेली असते, ती आपण वाचत नाही. बडला जे लागू आहे तेच आगकाडी, केसांची पिन, चष्म्याची काडी, गाडीची किल्ली आणि पितळेचे जुने कानकोरणे यांनाही लागू आहे. बाजारात आणि जत्रेत कान साफ करून देणारे भेटतात, त्यांचा हात सराईत असतो, पण तीच सळई न उकळता एका कानातून दुसऱ्या कानात जाते आणि नळीच्या आत काय आहे हे त्यांना दिसत नसते. कानात मेणाची पोकळ वात पेटवून मळ ओढून घेण्याचा एक प्रकारही जाहिरातींत दिसतो. त्याने कानात कोणतीही ओढ निर्माण होत नाही, वातीत शेवटी दिसणारा ऐवज वातीच्याच मेणाचा असतो आणि भाजण्याचा धोका मात्र खरा असतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१० मध्ये त्याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला होता.

दडा बसलाच तर घरी काय करता येते

ज्यांच्या कानाचा पडदा शाबूत आहे, ज्यांचा कान कधी वाहिलेला किंवा फुटलेला नाही, ज्यांच्या कानाची शस्त्रक्रिया झालेली नाही किंवा पडद्यात नळी बसवलेली नाही आणि ज्यांना आत्ता वेदना किंवा स्राव नाही, अशांनीच घरी मळ मऊ करण्याचा प्रयत्न करावा. यांपैकी एकाही गोष्टीबद्दल शंका असली तर थेंब घालू नयेत. पडद्याला भोक असेल तर थेंब मधल्या कानात जातात, आग होते आणि संसर्ग पसरतो.

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या थेंबांत दोन प्रकार जास्त चालतात. एक सोडा-ग्लिसरिनचा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट ग्लिसरिनमध्ये मिसळलेला. दुसरा पॅराडायक्लोरोबेन्झीन, बेन्झोकेन, क्लोरब्युटॉल आणि टर्पेंटाइन तेल असलेला. दुसऱ्या प्रकाराने काहींच्या कानात चुरचुरते आणि त्वचेवर पुरळही येते, त्यामुळे मी स्वतः पहिल्याकडे झुकतो. कोणता थेंब श्रेष्ठ यावर वाद घालण्यात अर्थ नाही. उपलब्ध चाचण्यांचा जो एकत्रित आढावा २०१८ मध्ये कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला, त्यात एक थेंब दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचा पुरावा आढळला नाही आणि साधे पाणी किंवा सलाइनही त्यांच्या फार मागे नव्हते. थेंब कोणता यापेक्षा तो कसा घातला याला जास्त महत्त्व आहे.

कुशीवर आडवे व्हावे, बंद कान वर ठेवावा. बाटली आधी पाच मिनिटे मुठीत धरून अंगाच्या उष्णतेइतकी कोमट करावी, कारण गार थेंब आत गेले तर चक्कर येते. मोठ्या माणसाच्या कानाची पाळी वर आणि मागे ओढली, तर वळणदार नळी सरळ होते. लहान मुलाची पाळी खाली आणि मागे ओढतात. तीन ते पाच थेंब सोडावेत, कानासमोरचा उंचवटा दोन-चारदा हलके दाबावा म्हणजे थेंब आत उतरतात, आणि दहा मिनिटे तसेच पडून राहावे. उठल्यावर बाहेर येणारे पुसून घ्यावे, कानात कापसाचा बोळा घट्ट कोंबू नये. असे दिवसातून दोन-तीन वेळा, तीन ते पाच दिवस करावे. पहिल्या दोन दिवसांत कान आणखी बंद झाल्यासारखा वाटतो, कारण मळ फुगत असतो. तेव्हा घाबरून बड उचलणे म्हणजे केलेली सगळी मेहनत वाया घालवणे होय. बऱ्याचदा पाचव्या दिवसापर्यंत मळ विरघळून स्वतःच बाहेर येतो आणि उशीच्या अभ्र्यावर डाग दिसतो.

हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहायला परिणामकारक वाटतो, पण तो वारंवार घातल्याने त्वचा कोरडी होऊन हुळहुळते. गरम तेल आणि लसूण घालून कढवलेले तेल यांचे घरोघरी मोठे प्रस्थ आहे. माझ्या आजीचा त्यावर पूर्ण विश्वास होता आणि तिच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरीही ते घालू नये, कारण तेल किती तापले आहे हे बोटाला जेवढे कळते त्यापेक्षा पडद्याची त्वचा कितीतरी नाजूक असते आणि कच्च्या लसणाने त्वचा भाजते. बाळाच्या मालिशीत टाळूवर तेल घालतात ते घालतात, पण कानात मात्र घालू नये.

घरी पिचकारीने पाणी मारण्याचा प्रयत्न मी एकदाच केला आणि पुन्हा करणार नाही. पाणी बरोबर अंगाच्या तापमानाचे, म्हणजे ३७ अंश सेल्सियसच्या आसपास नसले, तर आतल्या कानातील तोल सांभाळणाऱ्या नळ्यांना धक्का बसतो आणि घर गरगर फिरू लागते. मला तेव्हा पलंगाचा कठडा धरून वीस मिनिटे बसावे लागले होते.

डॉक्टर काय करतात आणि काय विचारावे

पाच दिवसांनीही कान उघडला नाही तर पुढचा मार्ग डॉक्टरांचा. तिथे मळ काढण्याच्या तीन पद्धती आहेत. पिचकारीने किंवा यंत्राने कोमट पाणी सोडून धुणे, सूक्ष्मदर्शकाखाली किंवा दुर्बिणीने पाहत बारीक नळीने ओढून घेणे, आणि आकडीने किंवा चिमट्याने काढणे. ब्रिटनच्या २०१८ च्या अधिकृत मार्गदर्शक सूचनेनुसार हाताने दाबायची जुनी पितळी पिचकारी वापरू नये, कारण पाण्याचा दाब आवरत नाही. त्याऐवजी दाब नियंत्रित करणारे यंत्र किंवा ओढून घेण्याची पद्धत वापरावी. आपल्याकडे जुनी पिचकारी अजून दिसते. कोणत्या पद्धतीने काढणार आणि आधी पडदा पाहणार का, हे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही. मी विचारतो आणि मला नेहमी नीट उत्तर मिळाले आहे. ज्यांना खासगी दवाखान्याचा खर्च परवडत नाही त्यांनी सिव्हिल हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा विभागात जावे, पण मळ आहे म्हणून बाजारात कान देऊ नये.

मधुमेह असलेल्यांनी आपला आजार आधीच सांगणे अत्यावश्यक आहे. त्यांच्या कानात पाणी राहिले आणि नळीला जरासा ओरखडा गेला, तर सुडोमोनास जातीच्या जंतूंचा संसर्ग कवटीच्या हाडापर्यंत पोहोचू शकतो, आणि तो जिवावर बेततो. रात्री झोप उडवणारी कानाची ठणक हे त्याचे लक्षण असते. अशा रुग्णांसाठी पाण्याऐवजी कोरड्या पद्धतीने मळ काढणे सुरक्षित ठरते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असल्या तर तेही सांगावे.

लहान मुलांच्या बाबतीत मळासारखे दिसणारे सगळे मळ नसते. हरभऱ्याचा दाणा किंवा चिंचोका कानात गेला असेल आणि त्यावर पाणी किंवा थेंब घातले, तर तो फुगून नळीत घट्ट बसतो. खेळण्यातली छोटी गोल बॅटरी गेली असल्याची नुसती शंका आली, तरी एक थेंबही न घालता तडक रुग्णालय गाठावे, कारण ती काही तासांतच त्वचा जाळत जाते. किडा गेला आणि तो आत फडफडत असेल, तर मात्र पडदा शाबूत असल्याची खात्री असताना कोमट खोबरेल तेलाचे थेंब घालून त्याला शांत करावे आणि मग डॉक्टरांकडे काढून घ्यावा.

पुन्हा साचू नये म्हणून मी काय बदलले

बड घरातून पूर्ण हद्दपार केले. नुसते कमी करून भागत नाही, कारण डबा समोर असला की खाज सुटल्यावर हात तिकडेच जातो. सुरुवातीचे तीन आठवडे खाज वाढली. डॉक्टरबाईंनी समजावले की सतत घासल्याने त्वचेवरचे तेलकट आवरण जाते, म्हणून खाज येते, आणि खाजवल्याने ते आवरण पुन्हा तयार होत नाही. तीन आठवड्यांनी ती थांबली. आता अंघोळीनंतर करंगळीवर टॉवेलचे टोक घेऊन जेवढे बोट जाते तेवढेच पुसतो.

इअरप्लग सोडण्याचा प्रश्नच नव्हता. यंत्रांच्या आवाजाने जाणारे ऐकू परत येत नाही, तेव्हा मळाच्या भीतीने कोणीही कारखान्यात उघड्या कानांनी वावरू नये. मी विभागप्रमुखांशी बोललो आणि शक्य त्या पाळ्यांना कानांवरून बसणारे इअरमफ मागून घेतले. प्लग वापरावेच लागतात त्या दिवशी हात धुऊन नवा प्लग वळतो आणि कालचा काळवंडलेला प्लग पुन्हा घालत नाही. सातपूर-अंबडच्या माझ्या सहकाऱ्यांना या एका गोष्टीची विशेष विनंती आहे, कारण खिशात तेलकट हातांनी ठेवलेले प्लग मी रोज पाहतो.

पाण्याचा बंदोबस्त सोपा निघाला. पोहण्याआधी कापसाच्या बोळ्याला पेट्रोलियम जेली लावून तो नळीच्या तोंडाशी हलका ठेवतो. बाहेर आल्यावर डोके एका बाजूला कलवून पाळी ओढतो म्हणजे पाणी निथळते. फारच ओले वाटले तर हेअर ड्रायरची गार हवा हातभर अंतरावरून अर्धा मिनिट घेतो. गंगेवर स्नानाला जाणाऱ्यांनीही एवढे करावे. २०१५ च्या सिंहस्थातली रामकुंडावरची मुख्य स्नाने ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, भर पावसाळ्यात झाली होती आणि २०२७ मध्येही ती याच महिन्यांत येत आहेत. ज्यांच्या पडद्याला भोक आहे किंवा ज्यांचा कान वाहतो त्यांनी कानात पाणी जाऊ न देता स्नान करावे आणि बुडी मारण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

पडदा व्यवस्थित असल्याचे पाहून मला दर पंधरा दिवसांनी दोन थेंब ऑलिव्ह तेल घालण्याचा सल्ला मिळाला आहे. पावसाळ्यात बुरशीच्या भीतीने ते बंद ठेवतो. हा सल्ला माझ्या कोरड्या मळासाठी आहे, सगळ्यांसाठी नाही.

आणि त्रास नसेल तर मळ काढू नये, हेही मी शिकलो. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २००८ मध्ये काढलेली आणि २०१७ मध्ये सुधारलेली सूचना हेच सांगते. ज्याने ऐकू यायला अडथळा होत नाही आणि पडदा तपासण्याच्या आड येत नाही, तो मळ तिथेच राहू द्यावा. त्याच सूचनेत मळ अडकण्याचे प्रमाणही दिले आहे: दहा मुलांमागे एक, वीस प्रौढांमागे एक, आणि वृद्धांमध्ये एक तृतीयांशाहून अधिक.

हा शेवटचा आकडा वाचल्यावर मी पंचवटीला आईकडे गेलो. तिचे श्रवणयंत्र महिनाभर शिट्ट्या मारत होते, ती दूरदर्शनचा आवाज वाढवत होती आणि आम्ही सगळे यंत्र जुने झाले असे म्हणत नवे घेण्याच्या गोष्टी करत होतो. तपासल्यावर दोन्ही कानांत सुकलेला मळ निघाला आणि यंत्राच्या तोंडाची जाळी त्याने पूर्ण बुजली होती. वय वाढते तसा मळ कोरडा होतो, त्यात यंत्र दिवसभर वाट अडवून बसते, आणि म्हाताऱ्या माणसाला कमी ऐकू येते हे घरातल्या कोणालाच नवे वाटत नाही, म्हणून कान कोणी पाहतच नाही. मळ काढल्याच्या संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातून हाक मारली, “अरे, कुकरची तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद कर.” आता यंत्राची जाळी दर रविवारी ब्रशने साफ करण्याचे काम माझ्या मुलीने घेतले आहे, आणि आईच्या कानांची तपासणी डॉक्टरबाईंच्या सांगण्यानुसार दर चार महिन्यांनी होते. पुढची तपासणी आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस सुरू होण्याआधी ठेवली आहे.